फॉरमॅट मारू का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनची देखभाल अधिकृतपणे थांबवली आणि देशभरातल्या कपाटांवर, पलंगांखाली आणि जुन्या ऑफिसबॅगांत ठेवलेल्या धडधाकट लॅपटॉपांवर एका रात्रीत सेवानिवृत्तीची वेळ आली. नव्या विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशिनमध्ये लागते. ती ज्याच्याकडे नाही त्याला अधिकृत प्रवेश नाही. मग त्याचा स्क्रीन कितीही लख्ख असो आणि की-बोर्डवरची अक्षरं कितीही शाबूत असोत. मराठी मध्यमवर्गाला हे पटणं शक्यच नव्हतं. चालती वस्तू टाकायची म्हणजे काय? आमच्या डोंबिवलीच्या घरात टाकून द्यायच्या वस्तूंचीसुद्धा एक पिशवी कित्येक वर्षं जपून ठेवलेली आहे.

अशा प्रसंगांसाठी प्रत्येक घराण्यात एक भाचा असतो. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतो, रविवारी जेवायला येतो आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकायला मिळावं म्हणून टपलेला असतो. आमचा तर पेनड्राइव्ह खिशात घेऊनच आला. "मामा, एकदम मक्खन चालेल बघ. आणि फुकट आहे." फुकट म्हटल्यावर आमच्याकडे पुढची चर्चा होत नाही. दुसरी पुरणपोळी त्याच्या पानात पडेपर्यंत लिनक्स लॅपटॉपमध्ये गेलंसुद्धा होतं.

आणि खरोखरच मक्खन चाललं. पूर्वी हे मशिन सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. आता आधणाला बुडबुडे यायच्या आत पडदा तयार. वाय-फायही आपणहून सापडलं. 'श्री स्वामी समर्थ', 'पासवर्ड मागू नये', 'बी विंग ४०३' अशी अख्ख्या सोसायटीची कुंडली यादीत आली आणि तिच्यात आमचाही राऊटर दिसला. "वाय-फाय लागलं म्हणजे जिंकलो," असं म्हणून भाच्याने जो सुस्कारा सोडला तो जरा जास्तच लांब होता. का, ते पुढे कळलं.

संध्याकाळी आई नाट्यसंगीत ऐकत बसली होती. गाणी लॅपटॉपमध्येच भरून ठेवलेली. गायक तान घेत वरच्या षड्जावर पोचला आणि तिथेच राहिला. 'आऽऽ'चं 'आर्र्र्र्र्र्र' झालं आणि ते काही केल्या संपेना. आई सुरुवातीला कौतुकाने मान हलवत होती. "काय दमसास होता हो एकेकाचा!" मग तिलाच काळजी वाटायला लागली. "अरे, हा श्वास कधी घेणार?"

जाऊन बघतो तर कोपऱ्यातलं घड्याळ सहा बेचाळीसवर थांबलेलं. माउसचा बाण मधोमध खिळलेला. कॅप्स लॉकचं बटण दाबून पाहिलं. त्याचा दिवा लागला तर आत कुणीतरी जिवंत आहे असं समजायचं, अशी एक जुनी परीक्षा आहे. दिवा लागला नाही. पंखा मात्र इमानेइतबारे फिरत होता आणि तान चालूच होती. तिचं कारण असं की साउंडची चिप मेमरीतला आवाजाचा एक छोटा तुकडा स्वतःच उचलून वाजवत असते. तो वाजेपर्यंत पुढचा तुकडा आणून ठेवायचं काम प्रोसेसरचं. प्रोसेसर कामातून गेला तरी चिपला कुणी तसं कळवत नाही. ती तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसते. शेवटी पॉवरचं बटण सलग दाबून धरलं. चार-पाच सेकंद तसं दाबून धरलं की काही न विचारता वीज तुटते. गायक सुटला.

बिघडण्याच्या ज्या तऱ्हा कॉम्प्युटरला येतात त्यांत ही सगळ्यात खानदानी. बाकीच्या तऱ्हांत निदान बोलणं असतं. विंडोज कोसळलं की वर्षानुवर्षं निळा पडदा आणून चार ओळींचं निवेदन देत आलं. कळत काहीच नाही, पण दखल घेतली गेल्याचं समाधान मिळतं. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. स्कॅनर जोडला की मशिन तो आपोआप ओळखतं, एवढंच दाखवायचं होतं. स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर तो निळा पडदा अवतरला. सभागृह हसलं, आणि अजून हे विक्रीला का आणलेलं नाही ते आता कळलं असेल, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. लिनक्सची मोठी गडबड झाली तर कॅप्स लॉकचा दिवा निदान उघडझाप करतो. हँग झालेलं मशिन यातलं काहीच करत नाही. ना दाद, ना फिर्याद. नुसतं ढिम्म.

लॅपटॉप हँग होतो ही बातमी आपल्याकडे लपून राहत नाही आणि ऐकणारा प्रत्येक जण त्या विषयातला जाणकार निघतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका राज्य विद्युत मंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी दारातूनच निदान केलं, "अर्थिंग नसणार." त्यांच्या मते जगातल्या बहुतेक अडचणी अर्थिंगअभावी होतात. सौ.च्या ऑफिसातल्या कुणीतरी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायला सांगितले. हा उपाय ऐकायला अडाणी वाटतो, पण दातांवर काट चढली असेल तर तो खरंच लागू पडतो, म्हणून घरातलं खोडरबर शोधलं. पट्टी पुसली. लॅपटॉप आणखी स्वच्छ मनाने हँग झाला.

मग लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला बाहेर पडलं की दोन्ही हातांना जी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं लागतात त्यांतल्या एका दुकानात, म्हणजे दुकानाच्या जिन्याखालच्या भागात, एक चुणचुणीत मुलगा बसतो. त्याने मशिनचं दुखणं ऐकूनही घेतलं नाही आणि विचारलं, "फॉरमॅट मारू का?"

या प्रश्नावर महाराष्ट्रातली निम्मी कॉम्प्युटर दुरुस्ती उभी आहे. उरलेली निम्मी 'रिस्टार्ट मारलं का?' या प्रश्नावर. दोन्ही संप्रदायांचं तत्त्वज्ञान एकच: काय झालं होतं हे कळायच्या आत ते पुसून टाकायचं. तरी रिस्टार्टवाल्यांबद्दल मला आदर आहे. ते निदान आपला डेटा मागत नाहीत. फॉरमॅटवाल्याला मात्र घराची फरशी उखडल्याशिवाय पाय पुसल्याचं समाधान मिळत नाही.

"नको," म्हटल्यावर त्याने नाइलाजाने मशिन चालू केलं, आपल्या वाय-फायला जोडलं आणि अपडेट उतरवायला लावले. अपडेट तासभर उतरत होते. लॅपटॉप तासभर सुतासारखा सरळ. एकदाही हँग नाही. "चालतोय की साहेब." चेकिंगचे पैसे देऊन बाहेर पडलो. घरी आलो, लॅपटॉप उघडून ठेवला, हातपाय धुवायला मोरीत गेलो. परत येतो तर घड्याळ थांबलेलं.

डॉक्टरांच्या पायरीवर दाढदुखी थांबते हे आपण सगळेच जाणतो, पण यात दाढेचा कट होता असा संशय आपण घेत नाही. लॅपटॉपचा मात्र येतोच. तो माणूस ओळखतो, त्याला दुकान कळतं, गुरुवार कळतो, असं वाटायला लागतं. शिकलेला माणूस अंधश्रद्ध कसा होतो हे बघायचं असेल तर त्याला वरचेवर हँग होणारा लॅपटॉप द्यावा.

शेवटी भाच्याने तपास हातात घेतला. कॉम्प्युटर आपली दैनंदिनी लिहीत असतो. लिनक्समध्ये एक आज्ञा दिली की मागच्या खेपांची दैनंदिनी वाचता येते. त्याने त्या नाट्यसंगीताच्या संध्याकाळची उघडली. सहा एकेचाळीसपर्यंत बारीकसारीक नोंदी होत्या: अमुक सेवा सुरू झाली, तमुक उपकरण दिसलं, बॅटरीची तब्येत. पुढे काही नाही. मृत्यूची नोंद करायला जो कारकून बसवला होता तोच पहिल्या झटक्यात गेला होता. लिहिलेलं डिस्कवर उतरायलाही सवड मिळाली नाही. यावरही लिनक्समध्ये तोड आहे. मशिन मरताना शेवटचे शब्द नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवून देतं, अशी सोय कर्नेलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. फक्त ती वाय-फायवरून चालत नाही, लॅनची केबल लागते. बिनतारी यंत्रणेने जीव का सोडला हे विचारायला तार लागते. आणि आमच्या लॅपटॉपला, तो सडपातळ दिसावा म्हणून, केबलचं भोकच ठेवलेलं नाही.

मग त्याने मला आणीबाणीची कळ शिकवली. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही दोन बटणं दाबून धरायची आणि आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं एकापाठोपाठ एक, सावकाश दाबायची. कर्नेलमध्ये धुगधुगी असेल तर तो की-बोर्ड ताब्यात घेतो, चालू कामांना आधी विनंती करतो, मग धक्के मारून बाहेर काढतो, डिस्कवरचं लिखाण पुरं करतो, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतो आणि शिस्तीत पुन्हा सुरू होतो. आमच्या लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीनसाठी आणखी एक बटण दाबावं लागतं, त्यामुळे डाव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना आणि उजव्या हाताने टिचक्या. सौ. दारात येऊन उभी राहिली. "अहो, तबल्याचा क्लास लावलाय का?" कर्नेलनेही दाद दिली नाही. "म्हणजे मामा, इंटरप्टच, म्हणजे बाहेरच्या हाका ऐकणंच, बंद करून मेलाय," भाचा आनंदाने म्हणाला. निदान करणाऱ्याचा असा आनंद मी हॉस्पिटलांतही पाहिलेला आहे.

त्याने पुढे जे केलं ते मात्र अक्कलहुशारीचं होतं. विमानाचं चिन्ह दाबून वाय-फाय बंद करून ठेवलं. लॅपटॉप दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालला. वाय-फाय चालू केलं. आंघोळ होईपर्यंत गेला. चोर सापडला. वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम.

आता एवढ्याशा ड्रायव्हरने अख्खं मशिन कसं पाडलं? वाय-फाय बिघडलं तर वाय-फाय जावं. गाणं, घड्याळ, माउस यांनी काय घोडं मारलंय? इथे कॉम्प्युटरच्या आतली व्यवस्था समजून घ्यावी लागते. किचनमधला नळ गळतो म्हणून प्लंबर बोलावला तर आपण त्याला सिंकपर्यंतच सोडतो आणि एक डोळा त्याच्यावर ठेवतो. कर्नेल ड्रायव्हरला आत घेतो तेव्हा पुढच्या दारापासून बँकेच्या लॉकरपर्यंत सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात देतो. वर घरातल्यांना ताकीद: हा हातातलं काम संपवून 'झालं' म्हणत नाही तोवर कुणी जागचं हलायचं नाही. प्लंबर हुशार असेल तर नळ क्षणात दुरुस्त होतो. तो सिंकखाली डोकं घालून तसाच बसला तर घरातली सगळी माणसं, कुणी तोंडात घास घेऊन, कुणी एक पाय चपलेत घालून, जन्मभर उभी.

१९९२ साली यावर मोठं भांडण झालेलं आहे. लिनस टोरवाल्ड्सने आदल्याच वर्षी लिनक्स बाहेर आणलं होतं आणि त्यात सगळी कामं एकाच कर्नेलच्या पोटात होती. अँड्र्यू टॅनेनबॉम या नावाजलेल्या प्राध्यापकांनी त्याला जाहीरपणे सुनावलं की ही रचना जुनाट आहे, कर्नेल लहान ठेवावा आणि बाकीच्यांना बाहेर काढावं. टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकत होता. विद्यार्थ्याने प्राध्यापकाचं ऐकलं नाही. किल्ल्या मागत बसण्यात वेळ जातो, आत असलेला माणूस काम झटपट करतो, हा व्यवहार जिंकला आणि लिनक्स जगभर पसरलं. पण २००१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड तपासला तेव्हा ड्रायव्हरांमधलं चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नेलच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत भरलं. प्राध्यापकांनी ते वाचलं असेल तर त्यांना त्या रात्री झोप चांगली लागली असणार.

विंडोजवाल्यांनी यावर हसू नये. किल्ल्यांची पद्धत तिथेही तीच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने वाचायची एक फाइल सदोष गेली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. सुरक्षेसाठी ठेवलेल्या माणसाच्या एका शिंकेने विमानं थांबली. त्या मानाने आमची एक तान अडकली, हे काहीच नाही.

त्यातून लिनक्सवरचं वाय-फाय ही मुळातच सासुरवाशिणीची कहाणी. जुन्या काळी कार्डं बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या विंडोजसाठी ड्रायव्हर द्यायच्या आणि लिनक्सवाल्यांनी कार्ड आतून कसं चालतं ते विचारलं की गप्प बसायच्या. मग हौशी प्रोग्रामर बाहेरून टकटक करून, कार्ड कशाला काय उत्तर देतं ते टिपून, स्वतःच ड्रायव्हर लिहायचे. ब्रॉडकॉमच्या कार्डांसाठी तर विंडोजच्या ड्रायव्हरमधून फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम, कापून काढायचं एक खास हत्यार होतं. आणखी एक प्रोग्राम विंडोजचा अख्खा ड्रायव्हर उचलून लिनक्सच्या आत नेऊन बसवायचा आणि त्याला तो सासरी आहे याचा पत्ता लागू द्यायचा नाही. या सगळ्या गोष्टी इंटरनेटवरून उतरवाव्या लागत, आणि इंटरनेट हवं तर आधी वाय-फाय चालू पाहिजे. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही कार्डांचा ड्रायव्हर खुला केला तेव्हा लिनक्सवाल्यांत दिवाळी झाली. भाचा तेव्हा बालवाडीत होता, पण ही कथा तो पानिपतावर लढून आलेल्या माणसाच्या आवाजात सांगतो.

तर चोर सापडला होता, पण चोरी का करतो ते कळायचं होतं. त्यासाठी एक नियम पाळावा लागतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग थांबून बघायचं. प्रयोगशाळेत हे सोपं असेल. चार माणसांच्या मराठी घरात ते अशक्य आहे. त्याच शनिवारी भाच्याने नवा कर्नेल टाकला. सौ.ने राऊटरवर धूळ बसते म्हणून तो टीव्हीजवळून उचलून कपाटावर ठेवला. केबलवाल्याने येऊन आपला डबा बदलला. काकांनी अर्थिंगचा हट्ट सोडला नव्हता. ते स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि बोर्डाची पिन घट्ट करून गेले. आईने काही केलं नाही, फक्त लॅपटॉप दक्षिणोत्तर होता तो फिरवून ठेवला.

रविवार गेला. लॅपटॉप सलग चालू. लॅपटॉप बरा झाल्याची बातमी फुटली आणि श्रेय घ्यायला पाच जण उभे राहिले. भाचा म्हणे कर्नेल. काका म्हणे, "मी पहिल्या दिवशी बोललो होतो." केबलवाल्याने फोनवर सांगितलं की नव्या डब्याचे महिना पन्नास जास्त लागतील. सौ. नुसती कपाटाकडे बघून हसली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते हे आपण ऐकून असतो. इथे फांदी मोडायच्या आधीच पाच कावळे हक्क सांगत होते. रविवारी दिवसभर घरात क्रिकेटची मॅच लॅपटॉपवर चालू होती, हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. मॅच संपली. सगळे जेवायला बसले. काका अर्थिंगवर बोलत होते आणि त्यांच्या पाठीमागे, आवाज न करता, घड्याळ थांबलं.

त्यावर आई जे बोलली ते जसंच्या तसं देतो. "तुम्ही त्याच्याकडून काम करवून घेता ना, तेव्हा ते कधी नाही पडत. रिकामं ठेवलं की पडतं. माझं गाणं आतलं लावलं की पडतं, तेच बाहेरून लावलं की नाही पडत."

आतलं म्हणजे डिस्कवरचं, बाहेरून म्हणजे यूट्यूबवरचं. भाचा हातातली भाकरी ताटात ठेवून उठला.

सगळं जुळत होतं. डिस्कवरचं गाणं चालू असताना वाय-फायच्या कार्डाला काम नसतं. यूट्यूब, मॅच, दुकानातले अपडेट चालू असताना त्याला उसंत नसते. काम नसलेल्या कार्डाला वीज वाचवायची म्हणून ड्रायव्हर झोपवून टाकतो. कार्ड झोपलं की ड्रायव्हरला कधीतरी त्याच्याशी बोलायची गरज पडते, आणि आमच्या ड्रायव्हरला झोपलेल्याला उठवायचं भान नव्हतं. भाच्याने नंतर त्याचा कोडच उघडून दाखवला. ड्रायव्हर कार्डाला विचारतो, 'काम चालू आहे का?' कार्डाने 'एक' म्हटलं की चालू, 'शून्य' म्हटलं की संपलं. संपलं नसेल तर पुन्हा विचारायचं. किती वेळा विचारायचं याला मर्यादा घातलेली नव्हती. आणि गंमत अशी, की अशा कार्डाकडून उत्तरच आलं नाही तर मशिनमध्ये रिवाजाने सगळीकडे 'एक'च वाचला जातो. म्हणजे झोपलेल्या कार्डाचं मौन ड्रायव्हरला 'काम चालू आहे' असं ऐकू येत होतं. तो सेकंदाला लाखो वेळा तोच प्रश्न विचारत होता, हातात घराच्या सगळ्या किल्ल्या घेऊन. असा चिवट आशावाद मी फक्त लोकलच्या इंडिकेटरखाली उभ्या माणसांत पाहिला आहे.

आता ही वीज वाचत होती किती? वाय-फायच्या कार्डाची एकूण भूकच एक-दोन वॅटची. शिवाय आमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच बसलेली आहे. तो जन्मठेपेच्या कैद्यासारखा कायम भिंतीला बांधलेला असतो. बॅटरी नसलेल्या यंत्रात बॅटरी वाचवण्यासाठी हा सगळा उद्योग चालला होता.

उपाय इतका किरकोळ निघाला की जाणकारांना तो सांगायचीही लाज वाटली. लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणारा नेटवर्क मॅनेजर नावाचा प्रोग्राम असतो. त्याच्या सेटिंगांच्या फोल्डरात एक फाइल सापडली. फाइलच्या नावात 'पॉवरसेव्ह ऑन' असं लिहिलेलं आणि आत एका ओळीच्या शेवटी ३ हा आकडा. या प्रोग्रामच्या हिशेबात ३ म्हणजे वीज वाचवा आणि २ म्हणजे वाचवू नका. शून्य आणि एकला वेगळी कामं दिलेली आहेत. का, ते ज्याने ठरवलं त्याला ठाऊक. भाच्याने ३ चं २ केलं, फाइलचं नाव 'ऑन'च राहू दिलं आणि मशिन एकदा बंद करून चालू केलं. रिस्टार्टवाल्या संप्रदायाने याची नोंद घ्यावी.

तेव्हापासून आई आतलंही ऐकते आणि बाहेरूनही. काकांच्या मते अर्थिंगचा परिणाम दिसायला थोडा वेळ लागतो. डब्याचे पन्नास रुपये चालू झाले ते झालेच.

आता ज्यांच्या घरी लॅपटॉप हँग होतो त्यांच्यासाठी. तो काम करताना पडतो की रिकामा असताना, हे आधी बघा. रिकामा असताना पडत असेल तर मदरबोर्डाला हात लावू देऊ नका. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फायच्या कार्डावर जा. तिथे पॉवर मॅनेजमेंटचं पान दिसत असेल तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाका. लिनक्स असेल तर ३ चं २ करा. ड्रायव्हरच्या फायली नेट चालू असतानाच पेनड्राइव्हवर काढून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तेवढा वेळ बाकीच्यांना भाजी आणायला पाठवा. फॉरमॅट मारू का असं कुणी विचारलं, तर नको म्हणा.